गुहागर ते विजापूर: एका आडव्या रस्त्याची घडण

मुंबई-गोवा आणि पुणे-बेंगळुरू हे दोन्ही महामार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात आणि त्यांच्या मध्ये सह्याद्री उभा आहे. या दोघांना जोडणारे आडवे रस्ते मोजकेच, आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक घाट ठरलेला. गुहागर-चिपळूण-कराड-विटा-जत-विजापूर हा त्यातला एक. कित्येक वर्षं तो राज्यमार्ग होता, आता राष्ट्रीय महामार्ग १६६ ई आहे. काठावरची माणसं मात्र त्याला अजून ‘गुहागर-विजापूर रोड’च म्हणतात.

सुरुवात समुद्राकाठी. गुहागरातून निघालं की जांभ्या दगडाच्या सड्यांवरून चढउतार करत रस्ता शृंगारतळी, मार्गताम्हाने असा चिपळूणला येतो. बहादूरशेख नाक्यावर मुंबई-गोवा महामार्ग ओलांडून पुढे खेर्डी, अलोरे, पोफळी. इथवर फारसं काही घडत नाही. पोफळी सोडली की कुंभार्ली घाट लागतो आणि रस्त्याचं खरं काम तिथे दिसतं.

ही वाट जुनी आहे. कराडकडे रेल्वे नव्हती तेव्हा देशावरचा कापूस आणि गूळ बैलगाड्यांनी हा घाट उतरून चिपळूणच्या गोवळकोट बंदरात जाई. परतीच्या गाड्यांत मीठ, सुकी मासळी, नारळ. गाडीला जमेल असा चढ काढायचा तर डोंगराला सरळ भिडून चालत नाही. डोंगराळ भागातल्या रस्त्याला साधारण वीस मीटर चाललं की एक मीटर चढ, असा हिशेब धरतात. पायथा आणि माथा यांच्या उंचीत पाचशे मीटरचा फरक असेल, तर या हिशेबाने रस्ता दहा किलोमीटर लांबवावा लागतो. तेवढी सरळ जागा डोंगरात कुठून आणायची? म्हणून रस्ता एकाच उतारावर पुन्हा पुन्हा उलटा वळवतात. या तीव्र वळणांवर चढ मुद्दाम कमी ठेवतात, कारण वळताना भरलेल्या ट्रकचा जोर निम्मा तिथेच संपतो.

याच डोंगराच्या पोटातून पाणीही खाली उतरतं. कोयना धरणाचं पाणी बोगद्यांतून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडतं, वीज करतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. जी उंची उतरायला रस्त्याला डझनावारी वळणं लागतात, ती पाणी नळांतून एका दमात उतरतं. १९६० च्या दशकात हा प्रकल्प उभा राहिला, कोयनानगर, अलोरे अशा वसाहती वसल्या आणि या रस्त्याचं महत्त्व वाढलं.

घाटातला रस्ता वाहनांच्या वजनाने खचण्याआधी पाण्याने खचतो. माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. म्हणून रस्त्याचा उतार डोंगराच्या बाजूला देतात, तिथे गटार काढतात आणि ठरावीक अंतरावर मोरीतून ते पाणी दरीत सोडतात. दरीच्या बाजूला संरक्षक भिंत असते. तिच्यात भोकं ठेवलेली असतात. ती बुजली तर मागची माती पाणी पिऊन फुगते आणि भिंत ढकलते. गटारात एक दरड आली की पाणी डांबरावर येतं, खडीच्या थरात शिरतं आणि आठवडाभरात खड्डा तयार. पूर्वी प्रत्येक टप्प्याला मैलकुली असत. पावसात फावडं घेऊन गटारं मोकळी ठेवणं हे त्यांचं मुख्य काम. ती व्यवस्था विरळ झाली, हे मला रस्त्याच्या अपुऱ्या रुंदीपेक्षा मोठं नुकसान वाटतं.

माथ्यावरून हेळवाकला आलं की कोयना नदी भेटते. धरणातून दक्षिणेला येणारी नदी इथे एकदम पूर्वेला वळते, आणि रस्ता तिच्या खोऱ्याचा माग धरून पाटण, मल्हारपेठ करत कराडला पोचतो. नदीने आधीच वाट कोरून ठेवल्यामुळे या बाजूला दुसरा घाट लागत नाही. कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग. पुढे ‘प्रभाकर’ कंदिलांची ओगलेवाडी, मग कडेगाव, यंत्रमागांचं विटा, खानापूर, आणि नागजवरून जत. इथे पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर. त्रास आता काळ्या मातीचा: ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून खाली मुरमाचा जाड भराव घालूनच वर खडी पसरावी लागते.

राज्यमार्गाचा राष्ट्रीय महामार्ग झाला की मैलाच्या दगडाचा हिरवा माथा पिवळा होतो. खरा फरक पैशात आणि मापात पडतो. निधी केंद्राकडून येतो. पूर्वीचे पावणेचार किंवा साडेपाच मीटरचे डांबरी पट्टे सात मीटरच्या दुपदरी रस्त्यात बदलतात, आणि बाजूपट्ट्याही पक्क्या केल्या तर रुंदी दहा मीटरवर जाते. सपाटीवर हे जमतं. घाटात मात्र रुंदी वाढवायला दोनच जागा असतात, डोंगर किंवा दरी. डोंगर कापला तर वरचा उतार सैल होतो. दरीकडे सरकलं तर उंच भिंत बांधावी लागते आणि खर्च अनेक पटींनी वाढतो. शिवाय आजूबाजूला जंगल आहे, तेव्हा वनखात्याच्या परवानग्या आल्याच. म्हणून रुंद, गुळगुळीत रस्त्यावरून भरधाव आलेली गाडी घाटाच्या तोंडाशी अडखळते.

कराड-चिपळूण रेल्वेची चर्चा जुनी आहे, पण रूळ अजून पडलेले नाहीत. तोवर सारा भार या घाटावरच. निधी तुटपुंजा असेल तर माझ्या मते आधी गटारं, मोऱ्या आणि भिंती नीट कराव्यात, रुंदीचं नंतर पाहावं. आणि जुलै-ऑगस्टमध्ये या वाटेने जाणार असाल तर निघण्यापूर्वी घाट सुरू आहे का, हे चिपळूण किंवा पाटणच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या. बंद असला तर आंबा घाटाचा वळसा पडतो आणि त्यात अर्धा दिवस जातो.