शर्यत संपल्यावर धावपटू कोसळतात, ते का?

सिनेमात निरोप्या धापा टाकत येतो, एक वाक्य बोलतो आणि कोसळतो. मॅरेथॉनची मूळ कथाही अशीच सांगतात. पण ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या लिखाणात हा निरोप्या, फिडिपिडीस, अथेन्सहून स्पार्टाला मदत मागायला धावतो, मरत वगैरे नाही. तो मृत्यू कित्येक शतकांनंतरच्या लेखकांनी जोडला.

खऱ्या शर्यतीत बहुतेक जण अंतिम रेषा ओलांडल्यावर पडतात. धावताना पोटऱ्यांचे स्नायू आवळून रक्त वर हृदयाकडे ढकलत असतात. पाय एकदम थांबले की हा पंप बंद! रक्त पायांत साचतं, रक्तदाब घसरतो, भोवळ येते. आडवं करून पाय उंच ठेवले की बहुतेकांना लवकर बरं वाटतं. स्वयंसेवक "थांबू नका, चालत राहा" म्हणून ओरडतात ते यासाठीच. (आपल्याला तेव्हाच सेल्फी हवा असतो.)

रेषेआधी पडणं मात्र गंभीर समजायचं. उष्माघात, हृदयाचा त्रास किंवा अति पाणी पिऊन रक्तातलं सोडियम उतरलेलं, काहीही असू शकतं.

रेषेआधी पडण्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे १९०८च्या लंडन ऑलिंपिकची मॅरेथॉन. धावपटू दोरांदो पिएत्री स्टेडियममध्ये पहिला शिरला, चुकीच्या दिशेला वळला, पुन्हा पुन्हा पडला. अधिकाऱ्यांनी हात दिला म्हणून बाद ठरला. बातमी लिहायला हजर कोण? शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉयल!

१९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिला मॅरेथॉनची धावपटू गॅब्रिएला अँडरसन-शीस शेवटची फेरी झोकांड्या खात चालली. तिला अजून घाम येतोय, म्हणजे शरीर उष्णता बाहेर टाकतंय, हे पाहून वैद्यकीय पथकाने अडवलं नाही. ती ३७वी आली.