नवा स्मार्टफोन आणि मार्गदर्शक पुस्तिका

मुंबईच्या अंधेरी पूर्व भागातील मरोळ येथे तिकीट काढण्याच्या रीती गेल्या काही वर्षांत इतक्या वेगाने बदलल्या आहेत की, छापील पुस्तकाच्या उपयुक्ततेची परीक्षा घेण्यासाठी याहून सोयीचे ठिकाण शोधण्याची गरज नाही. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू होऊन मरोळ नाका हे स्थानक नकाशावर आले आणि पुढच्या वर्षीच्या जुलैत मुंबईच्या उपनगरी रेल्वेचे कागदविरहित तिकीट मोबाईलवर मिळू लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल या भुयारी मेट्रोचे स्थानक त्याच नाक्यावर उघडले. १ जुलै २०२५ रोजी रेल्वेने ‘रेलवन’ हे नवे ॲप आणले, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेट्रो, मोनोरेल, उपनगरी रेल्वे व बेस्टसह महानगर प्रदेशातील अकरा वाहतूक सेवांची तिकिटे एकत्र देणाऱ्या ‘मुंबई वन’ या ॲपचे उद्घाटन झाले. २०२५ च्या आरंभी कोणी ‘स्मार्टफोनवरून प्रवासाचे तिकीट’ असे प्रकरण लिहून छापले असते, तर त्यात या दोन्ही ॲपांचा उल्लेखही आला नसता. साधा बटणांचा फोन सोडून प्रथमच स्मार्टफोन घेणाऱ्या माणसाला मार्गदर्शक पुस्तिकेचा कितपत उपयोग होतो, या प्रश्नाचा विचार करताना हे वास्तव आधी ध्यानात घ्यावे लागते.

स्मार्टफोनविषयीचे ज्ञान दोन प्रकारचे असते. कोठे दाबले असता काय घडते, हा त्यातील एक प्रकार होय. फोनच्या आत काय कशाशी जोडलेले आहे, हा दुसरा. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पुस्तिका पहिल्या प्रकाराला वाहिलेल्या असतात आणि म्हणूनच त्या लवकर शिळ्या होतात. अँड्रॉइड ही फोन चालवणारी मूळ कार्यप्रणाली गूगलची असली, तरी सॅमसंग, शाओमी, विवो यांसारख्या कंपन्या तिच्यावर आपापली मांडणी चढवतात, त्यामुळे अक्षरे मोठी करण्याची सोय एका फोनमध्ये जेथे सापडते तेथे ती दुसऱ्यात सापडेलच असे नाही. शिवाय २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून खालच्या तीन बटणांऐवजी पडद्यावर बोट सरकवून मागे जाण्याची पद्धत रूढ होऊ लागली आणि आधीच्या पुस्तकांतील चित्रे नव्या फोनशी जुळेनाशी झाली. फोनच्या खोक्यातून निघणाऱ्या घडीपत्रकाकडून तर अपेक्षाच ठेवू नये: सिमकार्ड कोठे घालावे आणि फोनच्या लहरी शरीरात किती शोषल्या जातात हे दर्शवणारे ‘सार’ मूल्य किती, एवढे ते सांगते, पण नातवाचा आलेला फोटो जपून कसा ठेवावा याविषयी ते मूक असते.

सूचनापुस्तके लोक वाचत का नाहीत, याचा पद्धतशीर अभ्यास स्मार्टफोनच्या कितीतरी आधी झालेला आहे. अमेरिकेत आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात, संगणकावर मजकूर लिहिण्यास नव्याने शिकणाऱ्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे निरीक्षण केले. माणसे पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसत नाहीत, ती थेट हातातल्या कामाला लागतात, पाने ओलांडतात, अंदाज करतात आणि अडकली की मगच पुस्तकाकडे वळतात, असे त्यांना दिसून आले. परंतु नेमके तेव्हा पुस्तक निरुपयोगी ठरते, कारण ते सर्व काही बिनचूक घडेल असे गृहीत धरून लिहिलेले असते. १९८७ मध्ये कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन यांनी या प्रवृत्तीला ‘कृतिशील वापरकर्त्याचा विरोधाभास’ म्हटले: थोडा वेळ शिकण्यात घालवला तर पुढचा बराच वेळ वाचेल हे ठाऊक असूनही माणूस शिकण्यासाठी थांबत नाही. यावर उपाय म्हणून कॅरोल यांनी ‘किमान पुस्तिका’ ही कल्पना मांडली, म्हणजे खऱ्या कामांभोवती रचलेली, प्रस्तावनेला फाटा देणारी आणि चूक झाल्यास ती ओळखून दुरुस्त कशी करावी हे आवर्जून सांगणारी छोटी पुस्तिका. आणि जाड पुस्तकापेक्षा अशा पुस्तिकेवर शिकणारे लोक लवकर व अधिक चांगले शिकतात, असे त्यांच्या प्रयोगांत आढळले. ‘द न्यूर्नबर्ग फनेल’ या त्यांच्या १९९० च्या ग्रंथाचे नाव डोक्यात नरसाळ्याने ज्ञान ओतण्याच्या जुन्या जर्मन कल्पनेवरून घेतलेले आहे, आणि अशी ओतणी शक्य नाही हेच त्या ग्रंथाचे प्रतिपादन आहे.

दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट व्हावे. उपनगरांतील लहान मोबाईल दुकानांतून नवा फोन घेताना दुकानातला मुलगा पुष्कळदा ग्राहकाच्या वतीने ‘जीमेल काढून देतो’, म्हणजे गूगलचे खाते उघडून देतो. हे खाते केवळ ईमेलचा पत्ता नसते. फोनमधील नावे व क्रमांक, फोटो आणि विकत घेतलेली ॲपे ज्याच्याशी बांधलेली असतात असा तो दुवा असतो. खात्याचा परवलीचा शब्द मुलाने घाईत ठरवलेला असतो, तो कोठेही लिहून ठेवलेला नसतो, आणि क्वचित खाते परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाईल क्रमांकही दुकानाचाच असतो. पुढे फोन मंद चालतो म्हणून किंवा पडदा उघडण्याचा आकडा विसरला म्हणून कोणी तो मूळ स्थितीत आणतो, आणि तेव्हा फोन जुन्या खात्याची ओळख मागू लागतो. कारण चोरीचा फोन पुसून विकता येऊ नये यासाठी अँड्रॉइडच्या ५.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, ही संरक्षणव्यवस्था आहे. चोरासाठी लावलेल्या या कुलपाबाहेर मग मालकच उभा राहतो. कोणत्या कंपनीचा फोन आहे आणि त्यावर कोणती आवृत्ती आहे यांवर हे ज्ञान फारसे अवलंबून नाही, म्हणून ते छापण्याजोगे आहे. तरीही पुस्तिकांत कॅमेऱ्याच्या करामतींना पाने मिळतात आणि खात्याला चार ओळी. परवलीचे शब्द कागदावर लिहू नयेत असे सुरक्षातज्ज्ञ पूर्वापार सांगत आले असले, तरी एकच फोन वापरणाऱ्या साठीच्या गृहस्थाच्या बाबतीत, विसरलेल्या शब्दापेक्षा गोदरेजच्या कपाटातील वहीत लिहिलेला शब्द अधिक सुरक्षित मानणे शहाणपणाचे ठरेल. पैशांच्या व्यवहाराचा पिन मात्र त्या वहीतही नसावा.

पैशांच्या बाबतीत छापील सल्ला कसा टिकतो आणि कसा उडून जातो, तेही पाहण्यासारखे आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय या तत्काळ पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेत दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवता येत असे आणि तिचा आधार घेऊन ठकसेन लोकांना लुबाडत; म्हणून ‘अशी मागणी स्वीकारू नका’ हा इशारा सर्वत्र दिला जाई. १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधील ही मागणीची सोयच बंद करण्यात आली आणि तो इशारा कालबाह्य झाला. याउलट, पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी कधीच नाही, हे तत्त्व पहिल्या दिवसापासून जसेच्या तसे आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये फसवणुकीच्या प्रकारांवर काढलेली ‘बी अवेअर’ ही पुस्तिका उपयुक्त ठरते ती याच कारणाने, की ती फोनच्या बटणांपेक्षा फसवणुकीच्या डावांवर भर देते. अलीकडे लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून ‘एपीके’ नावाची फाईल पाठवली जाते. हे अधिकृत दुकानाबाहेरून येणारे ॲप असते आणि ते बसवताच फोनवर येणारे संदेश परक्याच्या हाती जाऊ शकतात. ॲपला संदेश, संपर्क वा माइक वापरू देण्याच्या संमतीस ‘परवानगी’ म्हणतात, आणि ती देण्यापूर्वी क्षणभर थांबावे एवढे जरी पुस्तिकेने मनावर बिंबवले, तरी तिची किंमत वसूल होते.

पुस्तिकेची मर्यादा हातापाशी येते. पडद्याला किती हलके स्पर्शावे हे वाचून कळत नाही. वयस्कर बोट रेंगाळले की फोन त्याला दीर्घ दाब समजतो, चिन्हे जागची हलतात, आणि वापरणारा धास्तावून फोन खाली ठेवतो. येथे शेजारी बसणारे माणूस लागते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये वीस तासांचे डिजिटल साक्षरतेचे प्रशिक्षण देणारी योजना मंजूर केली, पण ती ग्रामीण कुटुंबांसाठी असल्याने मरोळसारखी महानगरातील वस्ती तिच्या कक्षेबाहेर राहिली. एमकेसीएल या २००१ मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम राज्यभर पोहोचला, तरी त्याचा मूळ रोख संगणकावर होता. परिणामी शिकवण्याची जबाबदारी नातवंडांवर येते, आणि नातवंडे शिकवत नाहीत. ती फोन हातातून घेतात, काम उरकतात आणि फोन परत देतात. त्यामुळे पुस्तिका आजीच्या हातात आणि फोनही आजीच्याच हातात, अशी अट घालून वाचून दाखवणारे कोणी असेल, तर पुस्तिकेचा उपयोग कैक पटींनी वाढतो. मरोळमधील वाचनालये, चर्चच्या आवारातील मंडळे आणि गृहनिर्माण संस्थांची कार्यालये यांनी महिन्यातून एक दुपार यासाठी राखली, तर त्याला फारसा खर्चही येणार नाही.

सारांश न काढता खरेदीपुरते एवढेच सांगता येईल: पुस्तिका घेताना आधी छपाईचे वर्ष पाहावे आणि मग खाते परत मिळवण्याची कृती, परवानग्यांचा अर्थ, मराठीत बोलून टंकलेखन करण्याची २०१७ पासून उपलब्ध असलेली सोय, चोरीच्या फोनची ओळख पटवण्यासाठी *#०६# दाबून मिळणारा आयएमईआय क्रमांक लिहून ठेवण्याची जागा आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा दूरध्वनी क्रमांक त्यात आहे की नाही हे तपासावे. यांपैकी काहीच नसेल, तर मुखपृष्ठ कितीही रंगीत असले तरी ती विकत घेऊ नये.