राऊटरची थरथर व यंत्राची झीज

सुताराची पटाशी व रंधा हीं हत्यारें फुलचूरच्या मुलांस परिचित आहेत. आज लांकूडकामाच्या कारखान्यांतून नक्षी व खांचा कोरण्याचें बरेंचसें काम राऊटर नांवाचें यंत्र करितें. त्याचें पातें कित्येकदां दर मिनिटास १८,००० फेरे घेतें, म्हणजे सेकंदास ३००. इतक्या वेगांत तें केसभर जरी मध्यापासून ढळलें, तरी खांच रुंद होते, कडा खरबरीत निघते, आणि पातें तुटून कारागिराच्या डोळ्यास इजा होण्याचें भय असतें.

ही थरथर उत्पन्न होते कशी? पहिलें कारण मळ. पात्याचा दांडा ज्या पकडींत आवळतात तिला कॉलेट म्हणतात. तींत भुशाचा वा राळेचा कण अडकला कीं दांडा तिरपा बसतो.

दुसरें कारण लांबी. पकडीबाहेरील लांबी दुप्पट केली, तर तितक्याच जोरानें पातें आठपट वांकतें. उलट जाडी दुप्पट केल्यास तोच वांक एकषोडशांश होतो. म्हणून पातें काम भागेल तितकेंच बाहेर ठेवावें व शक्य तेथें जाड दांड्याचें घ्यावें. मात्र दांडा तळाशीं टेकवूं नये. दोनतीन मिलिमीटर वर घेऊन मग आवळावा.

तिसरें कारण बोथट धार. आपल्या गोंदिया जिल्ह्याच्या अरण्यांत होणाऱ्या सागवानांत वाळूच्या जातीचें सिलिका हें द्रव्य असतें. तें धार लवकर खातें. बोथट पातें लांकूड कापण्याऐवजीं रेटूं लागतें. तो भार बेअरिंगवर येतो, बेअरिंग झिजतें, थरथर वाढते, आणि वाढलेली थरथर उरलीसुरली धारही घालविते.

हें चक्र आरंभींच तोडावें. पातें बदलतांना प्रथम वीज तोडावी व कॉलेट ब्रशनें स्वच्छ करावें. सागवानास कार्बाइडचें पातें वापरावें. खोल खांच एका दमांत न कोरतां दोनतीन थरांत कोरावी.

इतकें करूनही थरथर राहिली, तर पकडींत सरळ दांडा बसवून त्यास डायल गेज टेकवावें व दांडा हातानें फिरवावा. सुई हलल्यास नवें कॉलेट घालून पाहावें. तरीही हलली, तरच बेअरिंगकडे वळावें. स्वस्त भाग आधीं तपासावा, महाग मागाहून.

सागाचें झाड वाढण्यास कित्येक दशकें लागतात. एका वांकड्या खांचेनें त्याची फळी क्षणांत वायां जाते. पकड पुसण्यास मात्र एक मिनिट पुरतें.