बैलाच्या खांद्यावरचा हात

आमच्या वर्धा जिल्ह्यात मुलांना मुक्या जनावरांविषयी ममता शिकविण्याचा उद्योग शिक्षणखात्याच्या स्थापनेच्या कितीतरी आधीपासून चालत आलेला आहे, आणि त्याचा मागोवा घ्यावयाचा तर खात्याची दप्तरे चाळण्याऐवजी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी एखाद्या कास्तकाराच्या गोठ्यात जाऊन उभे राहावे लागते. त्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या मानेवर, वशिंडाच्या अलीकडे, जो घट्टा पडलेला असतो, तो हळद व लोणी लावून पळसाच्या पानाने हलक्या हाताने शेकावयाचा आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण बैलाच्या कानाशी लागून द्यावयाचे, असा हा विधी. मी सहा-सात वर्षांचा असेन. आमच्या आबाजींनी माझे मनगट धरून तळहात त्या घट्ट्यावर टेकविला आणि विचारले, “ऊन लागते का? पाय बरं.” लागत होते. वरची कातडी जोड्याच्या तळासारखी टणक झालेली होती, पण तिच्याखाली काहीतरी धडधडत होते, आणि हात टेकताच बैलाच्या अंगावरून जी शिरशिरी गेली ती माझ्या कोपरापर्यंत येऊन पोहोचली. भूतदया हा शब्द मला पुढे तिसऱ्या इयत्तेत भेटला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरकर दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी 1806 साली तो सुरू केला असे परंपरा सांगते. बैलांचे महत्त्व बालवयातच मनावर ठसावे, असा त्यामागचा हेतू. आमच्या जिल्ह्यात सिंदी रेल्वे येथे या उत्सवाने जे भव्य स्वरूप धारण केले आहे, ते पाहिल्यावाचून कळावयाचे नाही. तेथील लाकडी नंदी मुलांच्या उंचीचे राहिलेले नसून मोठ्या माणसांनी मान वर करून पाहावे एवढे झाले आहेत. मुले आपले बेगड लावलेले बैल ओढीत घरोघर हिंडतात, त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळतो आणि सजावटीला बक्षिसे लागतात. सणाचा आनंद निर्मळ आहे, यात वाद नाही. परंतु लाकडी बैलाला घट्टा पडत नाही, त्याला तहान लागत नाही आणि तुतारीची आर टोचली तरी तो अंग चोरीत नाही. त्यामुळे राजेसाहेबांच्या योजनेतून बैलाचा अभिमान जेवढा उतरला तेवढी बैलाची कणव उतरली नाही, असे माझे नम्र मत आहे.

शाळेने काय शिकविले म्हणाल, तर ज्या गावी माझे प्राथमिक शिक्षण झाले तेथील शाळेच्या भिंतीला लागूनच कोंडवाडा होता. गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा 1871 सालचा, आणि त्याच्या अंमलाखाली पिकात शिरलेले जनावर मालकाने दंड भरीपर्यंत तेथे अडकून पडे. एका उन्हाळी दुपारी गुरुजी भूतदयेचा पाठ समजावून सांगत असता भिंतीपलीकडून एक गाय असे हंबरू लागली की आम्हां तिघांना बाकावर बसवेना, आणि आम्ही शाळेच्या रांजणातील पाणी बादलीने नेऊन तिच्यापुढे ठेवले. वर्ग विनापरवाना सोडल्याबद्दल प्रत्येकी दोन छड्या मिळाल्या. राहिलेला पाठ आम्ही उभ्यानेच ऐकला.

याच जिल्ह्यात भूतदयेचा सर्वांत गंभीर प्रयोग झाला, तो सेगावास. 1936 साली महात्माजी तेथे राहावयास आले व 1940 साली त्या गावाचे सेवाग्राम झाले. भोवताली शेते व रान, त्यामुळे सापांचा सुळसुळाट. आश्रमात साप मारावयाचा नाही, असा दंडक. आजही तेथे गेलेल्या मुलांना साप धरावयाचा लांब लाकडी चिमटा व पिंजरा पाहावयास मिळतो. साप जिवंत धरावा, पिंजऱ्यात घालावा व दूर रानात नेऊन सोडावा, एवढेच त्याचे काम. आश्रमातील इतर वस्तूंपुढे मुले हात जोडतात, पण या चिमट्यापुढे येताच ती प्रश्न विचारू लागतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. साप चावला तर? निसटला तर? भीती वाटत असतानाही मारावयाचे नाही, हा धडा गाय कुरवाळण्याच्या धड्याहून फार अवघड, आणि तो शिकविण्यास व्याख्यानापेक्षा चिमटा अधिक उपयोगी.

1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम जन्मास आली आणि सेवाग्रामात आर्यनायकम् दांपत्याने ती रुजविली. ज्ञानाचा उद्योगाशी समवाय साधावयाचा, हे तिचे सूत्र. आणि मूल दयाळू व्हावे म्हणून ज्याला काही करावयाचे आहे त्याला याहून चांगले सूत्र मला तरी ठाऊक नाही, कारण ज्याने जनावराचे शेण काढले व त्याच्या चाऱ्याचा हिशोब ठेवला, त्याला त्या जनावराची तहान निराळी समजावून सांगावी लागत नाही. त्याच काळात नालवाडीच्या चर्मालयात आपोआप मेलेल्या ढोरांचे कातडे कमावले जात होते. जमनालालजी बजाजांनी 1941 साली गोसेवा संघ काढला आणि 11 फेब्रुवारी 1942 रोजी देह ठेवीपर्यंत अखेरचे महिने गोपुरीत गाईंच्या सेवेतच घालविले. आर्वीकडील नंद गवळ्यांनी जोपासलेली, पांढरीशुभ्र व चपळ गवळाऊ जात ही तर जिल्ह्याची दौलतच. मात्र या साऱ्या पुण्यकार्यात गाढव, कुत्रे आणि हेला यांच्या वाट्यास फारसे काही आले नाही, हेही नमूद केले पाहिजे. आमची दया नेहमीच जनावराची जात पाहून पुढे सरकली.

कायद्याने ही उणीव कागदावर तरी भरून काढली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत चिकाटीने धरून ठेवलेल्या विषयातून 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला, आणि 1976 च्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. ती कर्तव्ये आता पाठ्यपुस्तकातही छापलेली असतात. ते पान सहसा कोणी उघडीत नाही.

उघडले जाते ते निराळेच काही. वर्ध्यालगत पिपरी मेघे येथे पीपल फॉर ॲनिमल्सच्या कार्यकर्त्यांनी करुणाश्रम उभारला. जखमी व अनाथ वन्यजीवांची शुश्रूषा करून शक्य त्यांना पुन्हा रानात सोडण्याचे काम तेथे चालते. अशा ठिकाणी गेलेल्या मुलास पहिली गोष्ट शिकावी लागते ती हात आवरण्याची, कारण माणसाच्या हाताला सोकावलेले पिलू रानाला मुकते. आबाजींनी माझा हात पुढे नेला होता, येथे तो मागे घ्यावा लागतो, आणि दोन्ही वेळी कारण एकच असते. 2018 साली वर्ध्यास शहरपक्ष्याची चक्क निवडणूक झाली. ऐकून मी प्रथम हसलो होतो. पण मत द्यावयाचे म्हणून शाळकरी पोरे तारांवर व झाडांच्या शेंड्यांवर उमेदवार शोधीत हिंडू लागली, तेव्हा माझे हसणे मी मुकाट्याने परत घेतले. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, तो नीलपंख निवडून आला.

दरम्यान गोठे मात्र रिकामे होत चालले आहेत. जेथे पूर्वी तोरणाखाली बैलजोड्यांची रांग मावत नसे तेथे आता ट्रॅक्टर उभा असतो, आणि लाकडी बैल ओढणाऱ्या पुष्कळ मुलांनी जित्या बैलाला कधी हात लावलेला नसतो. म्हणून जिल्ह्यातील गुरुजनांस एक विनंती आहे. तान्ह्या पोळ्याच्या सजावटीची तयारी अवश्य करून घ्यावी. पण त्याच्या दोन दिवस आधी, खांदशेकणीच्या संध्याकाळी, आठ-दहा मुलांना घेऊन ज्या घरी अजून जोडी आहे तेथे जावे. घरधन्यास आधी विचारावे, आणि लोणी व हळद आपल्या घरून न्यावी.