रिव्हॉल्व्हरची मूठ
फिरत्या नळकांड्यात काडतुसे असणारे रिव्हॉल्व्हर हातात धरण्याचा भाग. शस्त्राच्या पोलादी सांगाड्याच्या मागील टोकावर दोन्ही बाजूंनी पट्ट्या बसवून त्या आरपार जाणाऱ्या स्क्रूने आवळतात. काही जुन्या नमुन्यांत मात्र एकाच ठोकळ्यातून कोरलेली मूठ असते. पट्ट्यांसाठी लाकूड, कठीण रबर, शिंग, हस्तिदंत, शिंपला इ. पदार्थ वापरले जातात. मुठीचा आकार व लाकडाची जात यांवरून शस्त्राचा नमुना व साधारण काळ कळतो, तसेच मूठ मूळची आहे की मागाहून बदललेली, हेही ठरविता येते.

मराठवाड्यातील पार्श्वभूमी : नांदेड व लातूर जिल्ह्यांचा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता (लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला). कंधार, उदगीर, औसा या किल्ल्यांच्या काळातील तलवारींच्या मुठी प्रायः लोखंडी असत. लाकडी मुठीचे रिव्हॉल्व्हर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागात आले. नांदेडलगतच्या हिंगोली येथे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९०३ मध्ये ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. ब्रिटिश अधिकाऱ्यांना रिव्हॉल्व्हर स्वखर्चाने घ्यावे लागे व सरकारी काडतूस चालणारा कोणताही नमुना त्यांना चाले. त्यामुळे अशा शस्त्रांत एकविधता आढळत नाही व प्रत्येक शस्त्र स्वतंत्रपणे पारखावे लागते.

आकार : मुठीचे प्रमुख आकार पुढीलप्रमाणे आहेत. (१) नांगरमूठ : लांब, मागे वळलेली व खाली रुंदावणारी, नांगराच्या मुठीसारखी दिसते. कोल्ट कंपनीच्या १८५१ व १८७३ च्या नमुन्यांत ती आढळते. गोळी सुटताच शस्त्र हातात वर फिरते व घोडा अंगठ्याजवळ येतो. (२) पक्षिशीर्ष : बूड गोलसर व पुढे चोचीसारखे वळलेले असते. वेब्लीचा १८६८ चा आखूड नमुना व १८८७ पासूनचे लष्करी नमुने या प्रकारचे होत. (३) चौरस बूड : खालचे टोक सपाट असते. वेब्लीच्या सहाव्या लष्करी नमुन्यात (१९१५) पक्षिशीर्ष सोडून हा आकार घेतला गेला. (४) उंचवट्याची मूठ : पाठीवर वरच्या बाजूस ठळक उंचवटा असून त्यामुळे हात वर सरकत नाही. रशियन सैन्यासाठी बनविलेल्या स्मिथ अँड वेसनच्या नमुन्यात तो दिसतो.

आकार प्रामुख्याने पोलादी सांगाड्याने ठरतो. म्हणून पट्ट्या बदलल्या, तरी नमुना ओळखता येतो. लाकडाचे तसे नाही.

लाकडे : यूरोप-अमेरिकेतील कारखान्यांत अक्रोडाचे लाकूड सर्वाधिक वापरले गेले. ते धक्का सोसते, तासण्यास सोपे असते व त्यावर जाळीदार कोरीव काम सुबक होते. त्याचा रंग करडा तपकिरी ते चॉकलेटी असून वजन दर घ. मी. ला सु. ६५० किग्रॅ. असते. आडव्या छेदात वाहिन्यांची छिद्रे वार्षिक वलयाच्या आरंभी मोठी असून पुढे क्रमाक्रमाने लहान होत जातात.

भारतात दुरुस्ती करताना अक्रोडाऐवजी सुताराला सहज मिळणारे लाकूड वापरले जाणे स्वाभाविक होते. नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूर भागात सागाची वने आहेत; लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प असल्याने तेथे लाकूड बाहेरून येते. सागाचे वजन जवळजवळ अक्रोडाइतकेच असल्याने हातात घेऊन फरक कळत नाही. परंतु सागाच्या छेदात वलयारंभीच्या मोठ्या छिद्रांची ओळ एकदम स्पष्ट दिसते, पृष्ठभाग किंचित तेलकट लागतो व ताज्या कापाला जुन्या चामड्यासारखा वास येतो. शिसवी जड (दर घ. मी. ला सु. ८५० किग्रॅ.) व जांभळट काळसर असते. तिच्या छेदात छिद्रे विखुरलेली असून त्यांना जोडणारे फिकट, नागमोडी पट्टे दिसतात; उभ्या पृष्ठावर बारीक आडव्या लहरी आढळतात. टेंभुर्णीचे मध्यकाष्ठ काळे, अतिशय घट्ट व जड असते. काळा रंग दिलेल्या लाकडाशी त्याची गल्लत होते. तथापि स्क्रूच्या भोकाच्या आत पाहिल्यास रंगाखालचे फिकट लाकूड दिसून येते.

केवळ रंगावरून जात ठरविणे चुकीचे आहे. तेल, घाम व उजेड यांमुळे सर्व लाकडे काळवंडतात. पट्टीची आतील बाजू व कडा दहापट भिंगाने पाहणे अधिक विश्वसनीय असते. कठीण रबराच्या पट्ट्यांवर लाकडाचे तंतू दिसत नाहीत व काळ्या रंगावर कालांतराने तपकिरी छटा येते. एनफील्डच्या १९३२ च्या नमुन्यात आरंभी लाकडी व नंतर बेकेलाइटच्या पट्ट्या वापरल्या गेल्या. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हाडात मात्र सूक्ष्म ठिपके असतात.

मूळपणाची पारख : मूळ पट्टीची कड पोलादाशी नखालाही न जाणवेल इतकी जुळलेली असते. स्मिथ अँड वेसनच्या अनेक शस्त्रांत उजव्या पट्टीच्या आतील बाजूस अनुक्रमांक उमटविलेला असतो. तो सांगाड्यावरील क्रमांकाशी जुळल्यास मूठ मूळची समजतात. पट्टी काचकागदाने घासून चकचकीत केल्यास क्रमांक व कोरीव काम नष्ट होते आणि शस्त्राचा इतिहास सांगणारा पुरावाच नाहीसा होतो. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसून स्क्रूच्या भोकापासून चीर पडते; अशा वेळी स्क्रू अधिक आवळू नये. पट्टी काढण्यापूर्वी शस्त्रात काडतूस नसल्याची खात्री जाणकाराकडून करून घेणे आवश्यक असते.

कायदा : वडिलोपार्जित रिव्हॉल्व्हर केवळ जुने आहे म्हणून परवान्यातून सुटत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील सूट कालबाह्य नमुन्याच्या, पुरातन मूल्याच्या वा नादुरुस्त अशा ज्या शस्त्रांना मिळते, ती दुरुस्त करूनही वापरता येण्याजोगी नसावी लागतात. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाने शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे असते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष अधिनियमाच्या कक्षेत येऊ शकते. त्यामुळे मुठीवरून काढलेला काळाचा अंदाज हा केवळ हौसेचा विषय राहत नाही.