जटायूची लढाई : कवीची आणि चित्रकाराची

श्रोतेहो, दापोली तालुक्यात बुरोंडीला गेलात, तर अर्धगोल पृथ्वीवर उभा असलेला परशुरामाचा भव्य पुतळा दिसेल. समुद्र हटवून त्याने कोकणभूमी मिळवली, ही कथा इथलं लहान पोरही सांगेल. पण पुतळ्यात समुद्र हटताना दिसतो का? नाही. तिथे एकच क्षण उभा आहे. त्याच्या आधीचं आणि नंतरचं आपण मनाने भरून घेतो.

चित्राचंही तसंच. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांचं जटायूवधाचं चित्र आठवा. रावणाने एका हाताने सीतेला धरलं आहे, दुसऱ्या हातात तलवार आहे, पक्ष्याचा पंख तुटला आहे आणि सीतेला ते पाहवत नाही. क्रौर्य, शौर्य आणि असहायता, तिन्ही एका दृष्टिक्षेपात!

आता वाल्मीकींचं अरण्यकांड घ्या. तिथे म्हातारा जटायू आधी रावणाला चार शब्द सांगून पाहतो. तो ऐकत नाही, तेव्हा त्याचं धनुष्य मोडतो, रथ मोडतो. शेवटी रावण सीतेला खाली सोडून त्याच्याशी झुंजतो आणि तलवारीने पंख छाटतो. मग सीता धावत जाऊन त्या पक्ष्याला कवटाळून रडते.

म्हणजे काव्यात त्या घटकेला सीता रावणाच्या हातात नाही, चित्रात आहे. चित्रकार चुकला म्हणायचं का? तसं नव्हे. कवीपाशी एकामागून एक येणारे प्रसंग असतात, चित्रकारापाशी एकच चौकट. हरण आणि वध दोन्ही दाखवायचे, तर ते एकत्र आणावेच लागतात.

पण चित्र एक गोष्ट सांगू शकत नाही. तेवढंच पाहणारं मूल म्हणेल, “जटायू हरला!” काव्य तिथे थांबत नाही. रामलक्ष्मण येईपर्यंत तो प्राण धरून राहतो, सीतेला रावणाने दक्षिणेकडे नेलं हे सांगतो, मगच डोळे मिटतो. राम त्याला स्वतः अग्नी देतो. पंख गेले, पण त्याच्या शब्दाने वाट दाखवली.

म्हणून गुरुजनहो, वर्गात चित्र दाखवाल तेव्हा मुलांना दोन प्रश्न जरूर विचारा : याच्या आधी काय झालं? आणि पुढे काय झालं?