ताप आला की मनही का मलूल होतं?

तापात जेवण नकोसं होतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. हे बरंचसं आपली प्रतिकारशक्तीच घडवून आणते! पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडतात. त्यांचा निरोप रक्तातून आणि व्हेगस नर्व्हमधून मेंदूला मिळतो. मेंदू तापमान वाढवतो, भूक आणि उत्साह कमी करतो. आजारी प्राण्याचं असं पडून राहणं बरं होण्यासाठीच असतं, हे पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये मांडलं.

संसर्ग गेला की प्रतिकारशक्तीने पेटवलेला हा दाह (इन्फ्लमेशन) ओसरतो. रुमेटॉइड संधिवातात मात्र तो वर्षानुवर्षं धुमसू शकतो. या रुग्णांमध्ये नैराश्य जास्त आढळतं. त्यात वेदनांबरोबर दाहाचाही वाटा असू शकतो. म्हणून त्यांच्या सांध्यांइतकीच मनाचीही विचारपूस करा, आणि उदासी टिकली तर डॉक्टरांना नक्की सांगा.